सासुरवाडीच्या वाटंवरचं नवं इंजान

मी मूळचा कोडोलीचा, पन्हाळा तालुका. घरात शेती हाय, पण भाऊ लई आणि रान उलूसं, तवा मी गाडीवर गेलो. पयला उसाच्या ट्रकवर किन्नर, म्हंजे क्लीनर, मग डायव्हर, मग लगीन झालं ते गगनबावड्याच्या वाटंवरच्या एका वाडीत, आणि तिकडं पाऊस असा की आमची कोडोलीची माणसं म्हणायची, पोरगी बघायला गेलतास का पोहायला. नव्वद सालानंतर मी एक जुना ट्रक घेतला, डेअरीनं दुधाचा रूट दिला तो नेमका त्याच वाटंचा, कारण त्या पावसात रोज जायाला दुसरं कुणी तयार न्हवतं. मग बायको, शालन तिचं नाव, ती म्हणाली, मग माझ्या आईकडंच ऱ्हाऊया की, बा न्हाय आता, घर मोकळं पडलंय. ऱ्हायलो. घरजावई म्हणून लोक चेष्टा करायचे, करू द्यात म्हटलं, चेष्टेनं अंगाला काय भोकं पडत न्हाईत.

काम म्हंजे सकाळी वाड्यावाड्यांचं दूध गोळा करायचं आणि कोल्हापुरात डेअरीत पोचवायचं. वाड्या वर डोंगरात, रस्ता खाली, बाया डोक्यावर दुधाचं कॅन घिऊन उतरायच्या. आधी येऊन थांबावं तर पाऊस, कॅन ठिऊन जावं तर कुत्री, तवा गाडीचा आवाज आला की निघायचं अशी त्यांची रीत पडलेली. आणि आवाज काय सांगू तुम्हाला, इंजान जुनं, सायलेन्सर फाटलेला, मी अजून अलीकडच्या वळणाला असायचो आणि वरच्या वाडीत कळायचं, जावई आलं. व्हय, सगळ्या वाटंचा मी जावईच. त्यात हॉर्न मारायचा न्हाय. हे सासूनं पयल्याच दिवशी सांगितलेलं, म्हंजे मला न्हाय, दाराआडनं शालनला सांगितलं, त्यास्नी म्हणावं थोरामोठ्यांच्या दारात पोंपों करून माणसं बोलवायची म्हंजे ती काय गुरं हाईत व्हय. आमच्यात सासू जावयासंगट तोंडावर बोलत न्हाय. पयली कितीतरी वर्सं एका घरात जेवलो, पण तिचा प्रत्येक शब्द मला शालनच्या तोंडनं आला, वाढू का म्हणून सुदीक.

तर अशाच एका पावसाळ्यात, भरली गाडी, चढाला लागलो, आणि आतनं ठण्ण झालं. गाडी जाग्यावर. खाली वाकून बघतोय तर आतला दांडा मोडून इंजनाच्या अंगातनं बाहीर आलेला आणि तेल सगळं पाण्यासंगट उताराला लागलेलं. दूध एका टेंपूवाल्याच्या गाडीत चढवलं, आणि माझी गाडी वढून कोल्हापूरला नेली. मिस्त्री शिवाजी पेठेतला, त्यानं बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला, पावणं, ह्याचं बारावं घाला, दुरुस्ती न्हाय व्हायाची, दुसरं बसवा. मला वाईट वाटलं, पण रडत बसायला येळ न्हवता. डेअरीचा साहेब म्हणाला, तवर टेंपू चालू दे, पण लौकर आणा, दूध कमी पडाय लागलं तर रूट त्यालाच द्यावा लागंल. टेंपूवाल्याला तर तेवढंच पायजे हुतं.

एका मोडीत काढलेल्या गाडीचं इंजान मिळालं, जरा नव्यातलं, चालू. पण ते आमच्या गाडीत नीट बसंना, बुडातले पाय कापून जोडाय लागले. साखळीला इंजान टांगलं, खाली सोडायचं तेवढंच बाकी, आणि मिस्त्री हात पुसून निघाला. म्हटलं कुठं, तर म्हणाला, पेठेची मॅच हाय. अवो, फुटबॉलची मॅच. माझं इंजान दुपारभर साखळीला लोंबकळत, आणि मी त्याच्याकडं बघत बसलो. पेठ हारली. मग दुसऱ्या दिवशी मिस्त्री कामालाच आला न्हाय, तोंड पाडून घरात. शेवटी तालमीतल्या गड्यांनी धरून इंजान जाग्यावर बसवलं, आणि मिस्त्री मग लाजला का काय कोण जाणे, सायलेन्सर बी नवा घातला, वरनं. म्हणाला, आता बघा, गाडी चालू हाय का बंद हाय हात लावून बघाय लागंल.

आणि तेच आडवं आलं.

पयल्या दिवशी रूटला गेलो, चढ कसा लोण्यागत, लौकर बी पोचलो. थांबलो, कुणीच न्हाय. जरा वाट बघितली, म्होरच्या वाडीला गेलो, तितंबी तसंच, एकदोघी आल्या. साहेबानं कॅन मोजलं आणि वहीत लिवलं. दुसऱ्या दिवशी तसंच. मला वाटलं, टेंपूवाल्यानं ह्यास्नी फितवलं, तोंडावर जावई जावई करत्यात आणि दूध त्याला घालत्यात. राग आला मला, लई आला, मग मी थांबायचं बी कमी केलं. आणि तिकडं बाया पाणवठ्यावर काय म्हणत्यात, तर जावयाला नव्या इंजनाचा माज चढला, दारावरनं गपचूप जातंय, थांबत बी न्हाय. टेंपूवाला आपला मागनं पोंपों करत यायचा आणि उरलेलं दूध उचलायचा, तो कुठं कुणाचा जावई हुता. साहेब म्हणाला, ह्या हप्त्याला बघतो, न्हायतर रूट त्याला दिला. मी घरात जेवलो न्हाय. शालननं आईला सांगितलं.

सकाळी बघतोय तर सासू घोंगडं पांघरून गाडीजवळ उभी. शालन म्हणाली, आई येती तुमच्यासंगट. ती चढली, दाराला चिकटून बसली, तोंड बाहीर, पदर डोळ्यापतूर. पयली वाडी आली. मी थांबलो. कुणी न्हाय. तवा सासू म्होरल्या काचंला म्हणाली, ह्याला आवाजच न्हाय की. मग ती काचंलाच म्हणाली, जावयानं हॉर्न मारायचा न्हाय, सासूनं मारला तर कुठं बिघडतंय. आणि माझ्या म्होरनं हात घालून तिनं हॉर्न जो दाबला तो सोडीचना. डोंगरातनं बाया पळत आल्या, काय अपघात झाला का म्हणून. मग काय, ही खाली उतरून त्यास्नी बोल्ली, माझा जावई हितं हुबा ऱ्हातोय आणि तुमी घरात बसून त्याला माज आला म्हणतासा व्हय, कानात बोळं घातल्यात का. प्रत्येक वाडीला अशीच.

रूट ऱ्हायला. टेंपूवाला दुसरीकडं गेला. पण सासू काय गाडी सोडंना. पावसाळा सरला तरी रोज यायची, म्हणायची, अजून बायास्नी हॉर्नची सवय झाली न्हाय. बायास्नी कवाच झालती. बोलायची ती काचंलाच, म्होरं म्हशी बसल्यात, दिसत्यात का न्हाय कुणास ठावं. मी बी काचंला म्हणायचो, दिसत्यात. असं करत करत एक दिवस तिनं सरळ माझ्याकडं बघून इचारलं, जावईबापू, हा रस्ता म्होरं जातो कुठं. म्हटलं, घाट उतरून कोकणात. तर म्हणाली, आणि मग. म्हटलं, मग समुद्र. ती परत रस्त्याकडं बघाय लागली.

आता दूध थंड करायच्या टाक्या आल्या गावात, टँकर येतो, ट्रकचा रूट संपला. गाडी इकली. इंजान तेवढं काढून भावाच्या गुऱ्हाळाला दिलं, चालतंय अजून. सासूचे पाय गेल्यात. शालन रानात जाती, घरात आमी दोघंच, च्या मीच करतो तिचा, आणि आता काच न्हाय काय न्हाय, बोलतो आपलं. परवा म्हणाली, जावईबापू, लगीन हून ह्या वाडीत आलो ते चुलीम्होरंच ऱ्हायलो, तुमचं इंजान मोडलं म्हणून मी रस्ता बघितला. मी इतकी वर्सं धरून चाललो हुतो की ती माझ्या रूटसाठनं गाडीत बसत हुती. समुद्रापतूर न्यायला पायजे हुतं तिला, गाडी हुती तवा न्हाय सुचलं, आता तिला बसवत न्हाय. सकाळी उचलून अंगणात ठेवतो, तितनं रस्ता दिसतो. तुमी आता घाटाकडंच निघालाय न्हवं पावणं, मग जाताना तिला हात करून जावा, तिला बरं वाटंल.