गस्तीचं जाकीट

मावशी: हात वर कर. आता खाली. काखेत टोचतंय का?

भाचा: नाही टोचत. मावशी, हे आणलंस कुठून?

मावशी: कुठून म्हणजे? कारखान्यातून. दिवसभर हीच तर शिवते मी, गोळी अडवणारी जाकिटं.

भाचा: शिवतेस ते ठाऊक आहे. घरी कसं आलं?

मावशी: अंगात घातलं, वरून माझा जाड कोट. फाटकावरचा म्हणतो कसा, मावशी, तब्येत सुधारली हं!

भाचा: हसू नकोस. चोरी आहे ही. सापडली असतीस तर नोकरी जाऊन वर तुरुंग.

मावशी: मागच्या सुट्टीत तूच म्हणालास ना, चौकीवर सगळ्यांना पुरत नाहीत म्हणून? पेपरात रोज येतं, सैन्याचा खर्च वाढवला, नवी विमानं घेतली. विमानं फोटोत छान दिसतात. इकडे आमच्या गोदामात जाकिटांचे ढीग छताला टेकलेत. सैन्याचा साहेब तपासणीला येतो, चहा पितो, माल उचलायची पुढची तारीख देऊन जातो.

भाचा: चालवून घेतो गं आम्ही. गस्तीला जाईल त्याने घालायचं, परत आला की पुढच्याला द्यायचं. घामाने ओलं असलं तरी.

मावशी: म्हणूनच तुला तुझं स्वतःचं.

भाचा: तिथे स्वतःचं असं काही नसतं. मी हे घालून बसू, आणि माझ्या शेजारचा नुसत्या शर्टावर बाहेर पडणार?

मावशी: त्याच्या घरचे बघतील त्याचं.

भाचा: त्याची बायको शाळेत शिकवते. ती कुठून आणणार जाकीट?

मावशी: मला नको सांगूस असलं काही. तुझी आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास. शब्द दिलाय मी तिला.

भाचा: परत नेऊन ठेव हे.

मावशी: आणताना निभावलं. नेताना नक्की सापडेन.

भाचा: मग मी नेतो चौकीवर. पण तिथे गेलं की ते खुंटीवर. ज्याची पाळी, त्याच्या अंगावर. आत्ताच सांगतोय, मागून रडायचं नाही.

मावशी: म्हणजे हे दुसऱ्या कुणाच्या अंगावर असेल, आणि तू तसाच.

भाचा: कधी कधी.

(मावशी जाकिटाच्या बाजूचा पट्टा ओढून बघते.)

भाचा: मावशी, गाडीची वेळ होत आली.

मावशी: काढ ते.

भाचा: रागावलीस?

मावशी: काढ म्हणते ना. आणि ती कात्री दे इकडे. तुमच्यात सगळ्यात धिप्पाड कोण?

भाचा: आमचा आचारी. त्यालाही जावं लागतं गस्तीला. का गं?

मावशी: बाजूचे पट्टे तुझ्या मापाने शिवून टाकलेत मी. त्याला व्हायचे नाहीत. उसवून सैल करते.