एका पानाचा तक्ता

"अर्धा तास डोळे उघडायचे नाहीत," असं बजावून डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने थेंब घातले. काचकारखान्यात भट्टीवर सतरा वर्षं काढलेला तो माणूस निमूट बाकावर टेकला. समोरून एका बाईचा आणि एका पुरुषाचा दबका आवाज येत होता.

"कंपनीच्या दोन्ही काचकारखान्यांचा नफा-तोट्याचा तक्ता अध्यक्षांना गेला?"

"कालच, मॅडम. आपला तोट्यात दिसतो, परदेशातला नफ्यात."

"दिसणारच. नव्या काचेच्या संशोधनाचा खर्च इथल्या हिशोबाच्या नियमाने सगळा यंदाच दाखवावा लागतो. तिकडचा नियम तो दहा वर्षांवर पसरू देतो. खर्च दोघांचा तेवढाच."

"हो ना."

"तशी टीप खाली दिलीस ना?"

"अध्यक्षांना सगळं एका पानात लागतं. टीप दुसऱ्या पानावर जात होती, म्हणून... काढली."

"अरे बापरे! आजच्या बैठकीत त्या तक्त्यावरूनच ठरणार आहे, कुठली भट्टी विझवायची!"

"कालपासून, मॅडम, सांगायचा धीरच होईना."

"हळू बोल. कोणी ऐकेल."

"समोर एक काका आहेत, पण झोपलेत ते."

तेवढ्यात नर्सने हाक मारली, "काचभट्टीवाले काका, उघडा डोळे!"

त्याने डोळे उघडले. सगळं धूसर होतं.

"मॅडम, बैठक किती वाजता?" त्याने समोर बघत विचारलं.

"अकराला."

"आणि आता किती वाजलेत? मला मनगटावरचे काटे दिसत नाहीत."

भिंतीवरचं घड्याळ त्या दोघांच्या समोरच होतं. बाई उठली आणि पर्समध्ये फोन शोधू लागली.