शेटजीच्या गादीतली खाजकुयरी

पोलीस दूरक्षेत्र सोनघाट, तालुका वणी, जिल्हा यवतमाळ
दिनांक २८ जानेवारी २०२६, सकाळी ११ वाजून १० मिनिटे

नाव : जमिला अफरोज पिंजारी
वय : ४७ वर्षे
धंदा : गाद्या व रजया भरणे
राहणार : पिंजारपुरा, घाटाजवळ, सोनघाट

वर लिहिलेली मी, ठाण्यात बोलावल्यावरून आले आणि जमादार साहेबांसमोर बसून स्वतःच्या तोंडाने सांगते ते असे :

मी वरील पत्त्यावर वडील निजामुद्दीन शेख बाबू, वय ८१, आणि मुलगी कहकशां, वय १९, यांच्यासह राहते. माझा नवरा अफरोज वणीला कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर आहे, आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याचं नाव यात ओढू नये.

आमचं गाव पैनगंगेच्या काठी आहे. इंग्रजांच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा पलीकडच्या निजामाच्या मुलखातला कापूस नावांमध्ये भरून आमच्या घाटावर उतरायचा, असं जुने लोक सांगतात. त्या वेळची गोदामं आणि जिनिंगचं धुराडं अजून उभं आहे. गावातला अमर देविदास गोहोकार, वय ३१, हा सहा वर्षं पुण्याला होता. तो परत आला आणि दिवाळीनंतर त्याने 'पांढऱ्या सोन्याचं बंदर' या नावाने एक दिवसाची सफर सुरू केली. नागपूर, चंद्रपूर, हैदराबादकडचे पाहुणे दर रविवारी मोटारीने येतात. तो त्यांना गोदाम दाखवतो, धुराडं दाखवतो, कांताबाईच्या चुलीवरची भाकर आणि ठेचा खाऊ घालतो आणि शेवटी घाटावर आणतो. धोतर, काळा कोट, पगडी घालून तो स्वतः जुना शेटजी बनतो आणि माइकवर बोलतो. माझ्याविरुद्धचा अर्ज त्याचाच आहे.

माझे वडील सरकारी कापूस खरेदी सुरू होईपर्यंत या घाटावर दलाल होते, नंतर बैलबाजारात होते. तेव्हा भाव तोंडाने सांगत नसत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, जितकी बोटं तितका भाव, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. दलालाचा एक हात शेतकऱ्याच्या हातात आणि दुसरा व्यापाऱ्याच्या. मधल्या माणसाने खोटं दाबलं तर दोघांनाही कळणार नाही. म्हणून ज्याचा हात साफ, त्यालाच लोक हात द्यायचे. अमरचे आजोबा सदाशिवराव गोहोकार यांनी बावीस वर्षं माझ्या बापाशिवाय कोणाच्या हातात हात दिला नाही. ही ऐकीव गोष्ट नाही, ते आमच्या ओसरीवर बसून सांगायचे तेव्हा मी चहा घेऊन उभी असायची.

नोव्हेंबरात अमर घरी आला आणि अब्बांना म्हणाला, "चाचा, तुमच्या बोटाची कला मरून राह्यली. पाहुण्यांले दाखवा ना." अब्बांना फार आनंद झाला. दर रविवारी ते इस्त्रीचा कुर्ता-पायजमा घालायचे, हिरवा रुमाल घडी करून खिशात ठेवायचे आणि बोलावण्याच्या तासभर आधीच घाटावर जाऊन बसायचे. मोबदला काही नव्हता, त्यांनी मागितलाही नाही.

दिनांक ४ जानेवारीला, रविवारी, कहकशां घरी होती. ती वणीला बी.एस्सी. करते, तिला इंग्रजी समजतं. नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कौतुक पाहावं म्हणून ती दुपारी तीनच्या सुमारास घाटावर गेली. अमर आधी मराठीत म्हणाला, "चाचा, तुमचीच तारीफ सांगून राह्यलो बरं का." मग माइकवर इंग्रजीत बोलला. मुलीने ऐकलं ते असं : हा या घाटावरचा शेवटचा जिवंत चोर आहे, याच बोटांनी याने शेतकऱ्यांना नागवलं, शेटजीला एक भाव सांगायचा, शेतकऱ्याला दुसरा, मधलं आपल्या खिशात, आता बघा कसा हसून हात दाखवतो. अब्बांनी हसून हात दाखवला. पाहुणे हसले, टाळ्या वाजल्या. अब्बांनी सगळ्यांना सलाम केला.

असं किती वेळा झालं, हे जमादार साहेबांनी विचारलं. नऊ रविवार.

संध्याकाळी जेवताना मुलीने सांगितलं. तिला रडू आवरत नव्हतं. अब्बांनी विचारलं, "चोर बोला?" ती म्हणाली, "हां नाना." त्यांनी पुन्हा विचारलं, "चोर ही बोला?" मग ते उठले, हात धुतले, हिरवा रुमाल पेटीत तळाशी ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी उजवा हात शालीबाहेर काढला नाही. कोणी मुसाफ्याला, म्हणजे हात मिळवायला, पुढे आलं तर नुसती मान हलवायचे. मशिदीत जायचे ते सगळ्यांच्या नंतर आणि निघायचे सगळ्यांच्या आधी. चहा डाव्या हाताने घ्यायचे. जन्मभर नमाज पढलेला, उजव्या हातानेच खाल्लेला-प्यालेला माणूस डाव्या हाताने चहा पितो, म्हणजे त्याच्या मनात काय चाललं असेल ते लिहायला जागा लागेल, म्हणून सांगत नाही.

दिनांक ५ जानेवारीला सकाळी मी अमरला घाटावर गाठलं. कांताबाई चुलीजवळ भांडी घासत होती, तिने सगळं ऐकलं आहे. मी विचारलं, "काहून रे बापा, माह्या बापाले चोर म्हणतं?" तो म्हणाला, "आपा, मनावर घेऊ नका. पाहुण्यांले चोराची गोष्ट आवडते. इमानदाराची गोष्ट ऐकाले इतक्या दुरून कोण येते? अन् बुढ्याले इंग्रजी कुठं समजते."

मी म्हटलं, "मले दुसरं काही नको. एक डाव याच पायरीवर उभा राहून मराठीत सांग, निजामुद्दीन चाचा इमानदार हाय. इतकंच." तो हसला. म्हणाला, "धंद्यात असं नसते चालत, आपा." आणि मोबाइल काढून बोलायला लागला. मी घरी आले.

दिनांक १० जानेवारीला तोच अमर माझ्या दारात उभा. ज्याला चोर म्हटलं त्याच्याच लेकीकडे गादी भरायला यायचं, याला काय म्हणतात ते साहेबांना माहीत असेल. २६ जानेवारीला नवीन नाव पाण्यात उतरणार, वर्तमानपत्रवाले येणार, म्हणून पाहुण्यांना बसायला बारा बैठका, म्हणजे लहान गाद्या, आणि एक शेटजीची मोठी गादी, लोडासकट, पाहिजे होती. त्याचे शब्द असे : "हातानं पिंजलेलाच कापूस पाहिजे आपा, मशीनचा नको. पाहुण्यांले असली लागते." पंचक्रोशीत हाताने पिंजणारी मी एकटीच उरले आहे. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "असलीच देईन."

विचारल्यावरून सांगते की, खाजकुयरीचा वेल नाल्याच्या काठी पळसाच्या झाडांवर चढलेला आहे. डिसेंबर-जानेवारीत शेंगा वाळतात आणि त्यांच्यावरची सोनेरी लव वाऱ्यानेसुद्धा उडते. कापूस वेचणाऱ्या बाया त्या बाजूने जात नाहीत. मी दिनांक १६ ला सकाळी गेले. तोंडाला ओढणी, हाताला खोबरेल तेल, त्यावर प्लास्टिकच्या पिशव्या. शेंगा ओल्या पोत्यात गुंडाळून आणल्या, मागच्या अंगणात बसून सुरीच्या पाठीने लव खरवडली आणि डब्यात बंद केली. अब्बांनी विचारलं, काय करतेस. मी म्हटलं, मसाला. खोटं बोलले ते एवढंच.

बारा बैठकांत नुसता कापूस आहे. कोणीही उसवून पाहावं. पाहुण्यांशी माझं काही वैर नाही, त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी ऐकलं. तेरावी गादी अमरची. तिला मी विरळ मलमलीची खोळ शिवली, कडेला लाल पट्टी आणि जरीचा गोटा लावला. डब्यातली लव खोळीच्या लगेच खाली पसरली, माणूस बसतो नेमकी तिथे. साहेब, इतकी देखणी गादी मी लग्नाच्या रुखवतातसुद्धा दिली नव्हती.

दिनांक २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर लोक घाटावर जमले. मी सकाळी दहा वाजता सातव्या पायरीवर जाऊन बसले. सोबत कहकशां होती. माझ्या बाजूला एक घमेलं होतं, त्यावर ओलं फडकं झाकलेलं होतं. १० वाजून ४० मिनिटांनी अमर शेटजीच्या पोशाखात नावेत गादीवर बसला, पाहुणे समोर बैठकांवर बसले. वेळ मी मोबाइलमध्ये पाहिली. पातळ धोतर होतं, तेही मी पाहिलं. नाव काठापासून दहा-बारा फुटांवर दोरीने बांधलेली होती.

त्याने कापसाची गोष्ट सुरू केली. अब्बा येत नव्हते म्हणून चोराची गोष्ट दाखवायला त्याने स्वतःच रुमाल घेतला आणि समोरच्या पाहुण्याचा हात त्याखाली धरला. १० वाजून ४६ मिनिटांनी त्याने रुमालाखाली बोटं चालवायला सुरुवात केली. पाहुण्यांना वाटलं, भाव करतो आहे. एका बाईने आनंदाने विचारलंही की किती झाला. मग त्याने दुसरा हात पाठीमागे नेला. मग दोन्ही हात. पगडी पडली. लोक टाळ्या वाजवत होते, मोबाइलवर काढत होते. मी टाळी वाजवली नाही. मी मोजून नऊ रविवार आठवले.

शेवटी त्याने पाण्यात उडी मारली. पाणी कंबरेइतकं होतं. खाजकुयरीवर पाणी पडलं की ती आणखी पेटते, हे आमच्या इकडे शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. सहा वर्षं पुण्याला राहिलं की विसरायला होतं. तो ओरडत पायऱ्यांवर आला आणि दगडाला पाठ घासायला लागला. कांताबाईच म्हणाली, "अरे, शेण चोळा त्याले, शेण." ओलं शेण चोळून वाळू दिलं आणि खरवडलं की लव त्याबरोबर निघते, हाच त्यावर उपाय. मी घमेल्यावरचं फडकं काढलं. ते शेण मी सकाळीच गोठ्यातून भरून आणलं होतं.

तो म्हणाला, "आपा, द्या ना."

मी म्हटलं, "आधी सांग."

"काय सांगू?"

"पाच तारखेले सांगतलं तेच. याच पायरीवर."

तो म्हणाला, "निजामुद्दीन चाचा इमानदार हाय." मी म्हटलं, ऐकू नाही आलं. त्याने मोठ्याने सांगितलं. घाटावर गावातले शंभरेक लोक असतील, सगळ्यांनी ऐकलं. मी घमेलं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "आता इंग्रजीत. माइकवर. नऊ डाव इंग्रजीत सांगतलं होतं ना." नावाड्याने माइक आणून दिला. अमर पाहुण्यांकडे तोंड करून इंग्रजीत बोलला, की तो माणूस चोर नव्हता, ती गोष्ट मी माझ्या मनाने रचली, माझा स्वतःचा आजा त्याच्याच हातात हात द्यायचा. शेवटचं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं, ते त्याचं त्याने सांगितलं. मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "बराबर बोला, अम्मी." मग मी घमेलं दिलं, पूर्ण. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

अर्जात लिहिलं आहे की अंगावर अजून चट्टे आहेत, पगडी वाहून गेली, सगळीकडे व्हिडिओ फिरतो आहे आणि मी त्याच्याकडून जबरदस्तीने वदवून घेतलं. चट्ट्यांचं खरं आहे. पगडीचं मला माहीत नाही. जबरदस्तीचं म्हणाल तर मी त्याला बोटही लावलं नाही. उलट मनातून वाटत होतं की त्याने अजून थोडा वेळ 'नाही' म्हणावं. व्हिडिओ कहकशांने त्याच संध्याकाळी नानांना दाखवला. मराठीतलं त्यांनी एकदा ऐकलं. इंग्रजीतलं चार वेळा लावायला सांगितलं.

जमादार साहेबांनी मला समजावून सांगितलं की कापसाच्या ढिगात खाजकुयरी नजरचुकीने आली असं लिहिलं, आणि झाल्याबद्दल वाईट वाटतं असं मी म्हटलं, तर अमर अर्ज मागे घ्यायला तयार आहे आणि प्रकरण इथेच मिटेल. नाहीतर कोर्टाच्या खेपा होतील, वणीला जावं लागेल. साहेबांनी चांगल्या मनानेच सांगितलं. पण मी सत्तावीस वर्षं कापूस पिंजते आहे. माझ्या हाताखालच्या कापसात कस्पट राहत नाही. नजरचूक झाली असं लिहिलं तर माझ्या हाताची बदनामी होते. एका घरात एका हाताची बदनामी झाली तेवढी पुरे. गादीत खाजकुयरी मी जाणूनबुजून घातली आणि मला वाईट वाटत नाही. अमरने उद्या पुन्हा ती गोष्ट सांगितली, तर नाल्यावरचा वेल अजून वाळलेला उभा आहे, हे त्याला इथूनच कळवावं.

अब्बा आज माझ्यासोबत ठाण्यात आले आहेत, बाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. आत येताना जमादार साहेबांनी त्यांच्यासमोर हात पुढे केला, तेव्हा त्यांनी शालीतून उजवा हात काढून साहेबांच्या हातात दिला. साहेबांना ही नेहमीची गोष्ट वाटली असेल. माझ्या जबाबात ती लिहून घ्यावी.

हा जबाब मला शब्द न शब्द वाचून ऐकवला. मी बोलले तसाच उतरला आहे. खाडाखोड एकाच ठिकाणी आहे आणि ती माझ्या सांगण्यावरून केली आहे : शेवटच्या पानावर साहेबांनी 'नजरचुकीने' लिहिलं होतं, ते खोडून तिथे 'जाणूनबुजून' लिहिलं आणि त्या शब्दाखाली मी वेगळी सही केली आहे.

सही : जमिला अफरोज पिंजारी

समक्ष : गोपाल मेश्राम, जमादार, सोनघाट दूरक्षेत्र