झाकण आण, थॅडी

नाही, ती ‘झाकण आण’वाली तबकडी संपली — अहो, बोलू नका, घसा बसलाय तुमचा, दिसतंय ते. एप्रिल महिन्यात हार्लेममध्ये नाकापर्यंत मफलर गुंडाळून दोनच जण हिंडतात, आजारी नाहीतर चोर. तुम्ही आजारी वाटता. नुसती मुंडी हलवा. तर संपली. पण त्याच माणसाच्या दुसऱ्या आहेत की! गाणाऱ्याच्या नाही हो, गाण्याचे शब्द लिहिणाऱ्याच्या. हे बघा लेबल, नावाखाली कंसात — थॅडियस पेटिकोट. पेटिकोट नाही, पेटिफर्ड. माझा सख्खा मामा आहे, मला माहीत नसणार? छापणाऱ्या गाढवानं पेटिकोट केलं, मामा भांडायला गेला, तर पुढच्या तबकडीवर त्यांनी दुरुस्ती केली — पेटीफोर्ट. आता तो किल्ला झाला. आणि ही ऐका, लावते — कळलं? काय कळलं? काही नाही! नुसतं वाजतंय. मामानं तीन कडवी लिहिली, बँडवाला म्हणाला, शब्द कशाला, लोक नाचायला येतात, ऐकायला नाही. शब्द गेले, कंस राहिला. ही दुसरी — हिच्यात गायक आहे, पण ट्रंपेटवाला असा काही सुटला की ध्वनिमुद्रणाची मेणाची तबकडी संपत आली, मग गायकानं घाईघाईनं ‘ओ प्रिये’ म्हटलं आणि खलास. मामाचे एवढेच शब्द ध्वनिमुद्रित. त्यातही ‘ओ’ त्याचा नाही म्हणे.

काय? — हां, वरून ओरडतोय तो मामाच. मोजा शोधतोय. — नाही बघितला, मामा! पलंगाखाली बघ! — बॅग भरतोय. चारच्या गाडीनं नॉर्फोकला चाललाय, माझ्या आईकडे, कोंबड्या पाळायला. कोंबड्या! जो माणूस अंडं फोडताना ‘माफ कर’ म्हणतो, तो कोंबड्या पाळणार. आणि कशामुळे? त्या ‘झाकण आण’मुळे. तुम्हीही त्यासाठीच आलात, लाज वाटू द्या थोडी.

सांगते ना. बसा त्या स्टुलावर. तर आमच्या धंद्यात — म्हणजे मामाच्या, मी नुसती दुकानात बसते, कॉलेज सोडलं मी, मास्तरीण व्हायचं नव्हतं मला, सगळ्या म्हाताऱ्या मंडळींनी मिळून ठरवलेलं ते, आणि त्यांनी स्वतःचं काय सोनं केलं आयुष्यात तेही बघितलंय मी — तर शब्द सुचेपर्यंत चालीला काहीतरी भरताड लावून ठेवायचं. काहीही. नुसती मात्रा बसली पाहिजे. त्या गाण्याच्या शेवटच्या ओळी अडलेल्या, प्रकाशकाचा माणूस दारात उभा, आणि खाली स्वयंपाकघरात मामी मासा तळत होती. तेल पेटलं. मामी बोंबलली — ‘झाकण आण, थॅडी, झाकण आण, मासा जळतोय, झाकण आण!’ चालीत बसलं की हो! अगदी घट्ट. मामानं तेच लिहून ठेवलं. आणि झाकण आणलं नाही, ते वेगळं, स्वयंपाकघराचा पडदा जळाला तो जळालाच. प्रकाशकाचा माणूस कागद घेऊन गेला. मामाला खरी ओळ सुचली त्याच संध्याकाळी, अंघोळीत. ओल्या अंगानं पळत गेला स्टुडिओत. तोवर तो सायलस ग्रँबी, तो घोगऱ्या, तो घशात खडी टाकून जन्माला आलेला माणूस, सगळं गाऊन मोकळा झालेला! एवढी अक्कल नाही? चार कडवी चांदणं, विरह, अश्रू — आणि मग एकदम मासा? विचारावं ना कुणाला! कसला गायक तो, समोर ठेवाल ते गातो, उद्या औषधाच्या बाटलीवरचं गाईल — खोकू नका हो एवढं, पाणी देऊ?

आणि लोक वेडे झाले. सगळं हार्लेम ओरडतंय. रेव्हरंडनी रविवारी तासभर प्रवचन ठोकलं, की झाकण म्हणजे काय आणि मासा म्हणजे काय हे त्यांना नीट ठाऊक आहे म्हणून. कुठून ठाऊक, ते नाही सांगितलं. मामी म्हणते गाणं तिचं आहे. रस्त्यानं पोरी मामाला बघून ‘झाकण आण, थॅडी!’ म्हणतात, आणि तो टोपी उतरवून, ‘बाई, ती ओळ तात्पुरती आहे’, असं समजावत बसतो. प्रकाशकानं मामाला पुरता मामा बनवलाय, पण त्याचं त्याला दुःख नाही. म्हणतो, जोवर ग्रँबी येऊन खरी ओळ गात नाही तोवर लेखणीला हात लावणार नाही. ग्रँबी कशाला येतोय? आला तर छत्रीनं झोडपणार आहे म्हणे आधी.

खरी ओळ? — ऐकायचीय? ‘ज्योत्स्नाधवल या रजनीत सखये, विव्हल मन्मन तव स्मरणी’. — हसताय? हसू नका! — नाही, हसा. भिकार आहे. मी मामाला म्हटलं, अप्रतिम आहे. मग काय सांगणार? सगळ्या घरात तोच एक माणूस असा, की मी कॉलेज सोडून आले तेव्हा ‘का’ नाही विचारलं त्यानं, विचारलं, ‘विरहाला यमक काय गं?’ आता तो गेला की आई मलाही ओढून नेणार, परत त्याच कॉलेजात, मास्तरणीची पांढरी कॉलर लावून. मला मामाकडून शिकायचंय हे. पण तो जे लिहितो ते नाही — तो बोलतो ते. त्याला कोण सांगणार? बोलतो तेव्हा —

हां, ऐका, ऐका, वरून मामा परत — ‘एकच मोजा, एकच मोजा, दुसरा कुणाच्या पायात गं? गाडी निघाली, पाय उघडा, दुसरा कुणाच्या पायात गं?’ — बघा! हे असं! आणि त्याला कळतसुद्धा नाही. तुमचाही पाय हलतोय की. म्हणा, म्हणा, गुणगुणायला काय होतंय घशाला —

थांबा.

परत गुणगुणा.

मफलर काढा बघू. — अरे देवा. जाहिरातीत तर जाडजूड काढलंय तुम्हाला. खडीबिडी म्हटलं ते — ते म्हटलंच मी, मागे घेत नाही. खरी ओळ मागायला आलात होय? माफी मागून ती गायला? खबरदार! ते रजनी-बिजनी गायलात तर मामा राहील, पण गाणं मरेल, आणि मग मामाही. वर जा. छत्री मी खाली आणून ठेवलीय, घाबरू नका. काही बोलू नका, तसंही बोलता येत नाही तुम्हाला. नुसतं मोज्याचं गुणगुणा, त्याच्या तोंडावर, तो चिडेल, दुरुस्ती करायला लागेल, लेखणी शोधेल — बस. दुसऱ्या मोज्याचं नाव काढायचं नाही. — कुठाय म्हणजे? माझ्या खिशात आहे. सकाळपासून. बघताय काय असे? जा ना! — आणि त्याला सांगितलंत ना, ग्रँबी, तर झाकण घेऊन येईन.