ज्याची कानस त्याचं बोट

बंदुकीचा घोडा पडला तेव्हा नवऱ्याचं बोट खाली होतं. तो ओरडला नाही, शेडमधली चार माणसं बघत होती ना, म्हणून नुसता माझ्याकडे बघत राहिला, आणि मी म्हटलं, बघता काय, काढा आता.

मी तारोडीची. बाप लोहार, कोळ्यांच्या होड्यांचे नांगर आणि खिळे करायचा. चौथीपर्यंत शाळा झाली, मग लग्न होऊन काशीमीऱ्याला आले. इथं सासऱ्याचं काम ठासणीच्या बंदुकांचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची ती जुनी बंदूक. परवाना होता, चोरीचं काम नाही. पूर्वी शेतकरी न्यायचे रानडुकरांसाठी, नंतर सिरियलवाले यायला लागले, इंग्रज झालेल्या नटांच्या हातात द्यायला.

नळी आणि कमान, आतली ती स्प्रिंग, पुरुषांनी करायची. खटका, म्हणजे चाप ओढला की सुटणारी कळ, बायकांनी बसवायचा, बोटं बारीक म्हणून. काय सांगू तुम्हाला, नखाएवढी खाच असते, घोडा, ती वरून आपटणारी हातोडी, अर्धा चढवला की तिच्यात पट्टी अडकली पाहिजे, मग कितीही चाप ओढा, घोडा पडता कामा नये. पट्टीला दिव्याची काजळी लावायची, बसवायची, काढायची, जिथली काजळी पुसली तिथं कानस, पुन्हा काजळी, पुन्हा बसवायची, दिवस दिवस तेच. एक हात जास्त फिरला की पट्टी गेली.

आणि मग परीक्षा. घरचा नियम, ज्याची कानस त्याचं बोट. खटका शिकंज्यात, लोखंडी पकडीत, आवळायचा, घोडा अर्धा चढवायचा, खाली बोट ठेवायचं आणि दुसऱ्यानं चापाच्या जागी जोरात दाबायचं. मी नवी नवरी, पहिल्याच खटक्याला सासूनं माझं मनगट धरून ठेवलं, तिचंही एक बोट तसंच गेलेलं, आणि नवऱ्यानं दाबलं. हे बघा, इथून पुढं बोट नाही. सासू म्हणाली, आता शिकशील. शिकले.

मग सून आली. मुलगा ट्रकवर, महिना महिना घरी नाही. तिलाही हेच काम लावलं. तिची बोटं शाबूत राहिली, कारण तिची प्रत्येक पट्टी आधी मी बघायचे. नवऱ्याला ते खुपायचं. म्हणायचा, सासूनं लाडावून ठेवलीय.

एकदा सिरियलचा माणूस आला, कानाला मोबाइल, म्हणाला, चाचा, ट्रिगर बहुत टाइट है, हीरो का उंगली दुखता है. नवरा म्हणाला, हो जायेगा साहेब. आम्ही दोघी जेवायला गेलो आणि यानं सुनेनं बसवलेला खटका सुटा करून स्वतःच कानस फिरवली. परत येतो तर तो माणूस उभा, कारागीर उभे, आणि हा सुनेला म्हणतोय, चल, ठेव बोट, साहेबांना दिसू दे आपलं काम.

तिनं हात पुढं केला. मी शिकंज्यातून खटका काढला, खिडकीपाशी नेला. सुनेनं पट्टीवर काजळी ठेवली होती, तिथं आता चकचकीत लोखंड. मी म्हटलं, अहो, ही कानस तुमची हाय. तो हसला, म्हणाला, म्हातारीला आता डोळ्यांनी दिसत नाही. मी म्हटलं, नसंल दिसत. बोट तुमचं घाला. नियम तुमच्या घरचा, मी माहेराहून न्हाय आणला.

एक कारागीर खुदकन हसला. तेवढं पुरलं. यानं खटका परत आवळला, घोडा अर्धा चढवला, बोट घातलं, म्हणाला, दाबा. कोणी पुढं येईना. मी दाबलं.

डॉक्टरकडे गेला नाही. लोहाराला लोखंडाचं कसलं औषध, म्हणाला, आणि हळद दाबली. साखरेचा आजार होता. बोट काळं पडलं, मग पंजा, मग इस्पितळात हात काढला आणि तरी गेला. बाराव्याला धाकटा दीर म्हणाला, वहिनी, तुम्ही मारलंत त्याला. मी म्हटलं, पुढच्या खटक्याला तुम्ही बोट ठेवा, मग बोला. उठून गेला, पानावर वाढलेलं टाकून.

आता शेड सून चालवते. परीक्षेला गाजर ठेवते. मला हसू येतं, इतकी वर्षं गाजर बाजारात मिळतच होतं.

सासू गेली, तो गेला. सुनेची सगळी बोटं आहेत, माझं एक अर्धं. आम्ही दोघी जिवंत आहोत.