बायकोचं दिवेआगरचं माहेर

तुम्हाला खोटं वाटेल, पण आमची बायको कोल्हारच्या माहेराहून निघताना कधीच रडत नाही. दिवेआगरला आम्ही दरवर्षी ज्या काकूंकडे उतरतो, त्यांचा निरोप घेताना मात्र एवढी रडते की समुद्राला अवेळी भरती येते. मागच्या खेपेचा व्हिडिओ सासूबाईंनी मोबाईलवर पाहिला.

"जावईबापू, लग्नात बी रडली न्हाई ही. आईपरीस जास्त असं काय हाय तिथं? मला दावा."

त्यांचा रुसवा काढायला यंदा त्यांनाही नेलं. निघायच्या दिवशी सामान गाडीत भरलं, तर सासूबाई नऊवारी खोचून समुद्रात, गुडघाभर पाण्यात.

"आई, चला, उशीर होतोय."

"तुमी व्हा म्होरं," त्या लाटेकडे बघतच म्हणाल्या. "आन् तिला सांगा, माहेरी यायचं झालं तर आता हितंच यायचं."