शंकूंमधली वाट

रायपूरच्या आरटीओत, स्कूटरच्या टेस्टसाठी लागलेल्या रांगेत माझ्यापुढे एक काकू आणि त्यांची पुतणी उभ्या होत्या.

“स्नेहल, मागच्या खेपेला मी त्या लाल शंकूवरच गेली होती वं. आजही पाडतेच पाह्य.”

“काकू, औलीले स्की शिकत होतो तवा बर्फावर आमच्यासाठी पण असेच खांब लावत होते. स्लॅलम म्हणतात त्याले.”

“म्हणजे काय?”

“खांबांच्या मधून नागमोडी घसरत जायचं. नॉर्वेचा शब्द आहे. उतारावरची वाट.”

“खांबाचं नाव नाही त्यात?”

“नाही ना! फक्त उतार अन् वाट. आमचे सर म्हणायचे, खांब पाहाल तर खांबावरच जाल. तू काय पाहते?”

“शंकूच पाहते. अन् हॉर्न वाजवते.”

“शंकूले हॉर्न?”

“आपल्या बूढ़ापाऱ्यातल्या रस्त्यावर हॉर्नशिवाय हटते का कोणी?”

“शंकू नाही हटणार, काकू. तू मधली जागा पाह्य फक्त.”

“विनोदिनी देशकर!” टेस्ट घेणाऱ्या साहेबांनी नाव पुकारलं.

काकू गेल्या. मैदानात एकदाही हॉर्न वाजला नाही.

“स्नेहल! पास झाली मी! एकही शंकू नाही हालला!”

“पाह्यलं मी! साहेब काय विचारून राहिले होते?”

“म्हणे, दीदी, कहाँ सीखा? मी म्हटलं, नॉर्वे का तरीका है.”

“काकू!”

“चाल, मांगं बस. आता मी चालवते.”

“आत्ता? बूढ़ापाऱ्यात गर्दी असंल ना.”

“असू दे. गर्दीकडे पाहते कोण?”